खंडेनवमीला धुतलेला फिल्टर

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी. दिवसभर कारखान्यात धुलाई. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आज कुठलंच मशीन काम करत नसणार, सगळीकडे पाण्याचे पाइप आणि फडकी. मला घाण दिसली की हात शिवशिवतात. सुधीरने हे लग्नानंतर आठवड्याभरात ओळखलं आणि तेव्हापासून घरात झाडू हातात धरला नाही, मास्तर बेरकी आहे.

मिक्सिंग रूम माझी, म्हणजे माझी आणि शोभाची. तीन रोलांचं मिल पुसलं, वजनकाटा पुसला, पावडर तोलायचा काचेचा हूड आतून-बाहेरून लख्ख केला. शो. म्हणाली, "ताई, आता ह्येच्यात बगून टिकली लावावी." मग हूडच्या डोक्यावरचा फिल्टर काढला. दोन वर्षं काजळ खाऊन कोळसा झालेला. डब्यावर 'कार्बन नॅनोट्यूब' वगैरे लांबलचक छापलंय, पण शो.ने पहिल्या दिवशी काजळ म्हटलं आणि तेच नाव पडलं.

साबणाच्या पाण्यात बुडवला. शो.ने पाइप धरला, मी जोराची धार घड्याघड्यांतून मारली. काळं पाणी संपता संपेना. गच्चीवर उन्हात वाळवून चार वाजता परत बसवला. पंखा लावला तर दाबाचा काटा पार खाली, नवाकोरा होता तेव्हापेक्षाही खाली. खेच अशी की हातातला कागद वर ओढला. स्वतःवर खूश. बाजारातून आणलेला झेंडू घरी निवडायचाय अजून.

१ ऑक्टोबर, बुधवार

पूजा झाली. मिलला हार, कॉम्प्रेसरला हार, वजनकाट्याला हळदकुंकू. हूडला मी हार घातला, शो.ने नारळ फोडला. अभयसाहेबांनी (मालक, वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तरी साहेब) छोटं भाषण केलं, की मिक्सिंग रूम बघा आणि शिका, ऑपरेशन थिएटर वाटतंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उगाच पदर सारखा केला. पेढे बरे होते.

६ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्यानंतरची पहिली बॅच. शो. हूडमध्ये काजळ तोलते, इपॉक्सीच्या घट्ट चिकात घालते, मिलमधून पाच वेळा काढते. मग काचपट्टीवर थेंब घेऊन उजेडासमोर धरते. "दोन गाठी हाईत, अजून एक फेरा मारतो." मी मायक्रोस्कोपखाली बघितलं. दोन गाठी. एम.एस्सी. मी झाले, डोळे तिला मिळाले.

दुपारी आम्ही दोघी कबनूरला गेलो, आमचे रोलर लावलेत तो कारखाना बघायला. पॉलिस्टरचा धागा घासून घासून वीज धरतो, लव उभी राहावी तसा उभा राहतो आणि तुटतो. आमच्या काळ्या रोलरवरून निमूट पळतो, कारण वीज काजळातून खाली उतरून जाते. कारखानदार म्हणाले, "पावणं, आता पोरींच्या साड्या बी मागाला चिकटत न्हाईत." बरं वाटलं.

येताना शो.च्या घरी चहा. तिचे वडील चाळीस वर्षं मागावर, आता छाती वाजते, जिन्याच्या तीन पायऱ्यांत थांबतात. कापसाची धूळ. चार वर्षांपूर्वी शो. पण मागावरच होती. मीच तिला म्हटलं होतं, आमच्याकडे ये, धूळ नाही, एसी आहे. तिच्या आईने मला त्या वेळी खण दिला होता. आज परत शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तीन बॅचेस झाल्या. दिवाळीआधी कबनूरची अर्धी ऑर्डर जाणार.

शो. म्हणाली नाक शिंकरलं की काळं येतंय. म्हटलं, मास्क नीट लावत जा, नाकावरची पट्टी दाबायची. चकलीची भाजणी दळून आणायची राहिली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

तीनदा हात धुतले, मग लिहायला बसले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर परवा काम सुरू झालं. आज शो. जेवायला गेली होती. हूडवरच्या ट्यूबलाइटचा उजेड मंद वाटला म्हणून स्टुलावर चढले, ओलं फडकं फिरवलं. फडकं काळं. ट्यूबवर काळं, भिंतीवर काळं, हूडच्या डोक्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटली. खंडेनवमीला हे सगळं मी स्वतः पुसलेलं.

आमच्या हूडची हवा बाहेर जात नाही. फिल्टरमधून गाळून परत खोलीतच येते. बाहेर नळी काढायची ठरलं होतं, राहिलं. म्हणजे सगळी भिस्त फिल्टरवर.

पुण्याच्या फिल्टरवाल्याला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, फिल्टर धुतला तर चालतो का. तो हसला. "मॅडम, तो कागद असतो. काचेच्या धाग्यांचा. पाण्याची धार मारली की फाटला." म्हटलं, पण काटा खाली आला, खेच वाढली. तो म्हणाला, "वाढणारच की. भोक पडल्यावर हवा अडणार कशाला?"

काटा खाली आला म्हणून मी खूश झाले होते. केमिस्ट्री शिकलेली बाई.

हूडचा पंखा बंद केला. खोलीला कुलूप लावलं. शो. आली तेव्हा म्हटलं, आज टेस्टिंग करूया.

संध्याकाळी घरी येऊन वाचत बसले. आधीही वाचलं होतं, नोकरीला लागताना, परीक्षेला वाचतात तसं. काजळाचा एकेक धागा डोळ्याला दिसत नाही, इतका बारीक. लांब आणि ताठ असेल तर छातीत रुतून बसतो, शरीराला तो काढता येत नाही. उंदरांना त्याने काय झालं ते वाचलं. आखूड, गुंतलेला असेल तर कदाचित तितकं नाही. माणसांचं अजून कुणाला नक्की माहीत नाही. आमचं काजळ लांब की आखूड? डब्याबरोबरच्या कागदावर दोन्ही आहेत, "मिश्र".

इपॉक्सीत बसलं की ते निमूट असतं. रोलर लावलेल्यांना भीती नाही. भीती फक्त तोलणाऱ्याला, कोरडं असताना.

पंधरा तारखेचं पान उघडून बघितलं. नको होतं बघायला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

नवा फिल्टर सांगितला, आठ-दहा दिवस लागतील. अभयसाहेबांना सांगितलं, फिल्टरची मुदत संपलीय. ते म्हणाले, दसऱ्याला तर काटा छान होता. मी म्हटलं, मुदत ती मुदत. खोटं बोलताना माझा आवाज कसा शाळेतल्या बाईसारखा होतो, करडा.

इपॉक्सीत कालवलेली तयार पेस्ट आठवडाभर पुरेल. तेवढ्यात फिल्टर येईल. मग कुणाला काही कळायची गरज नाही, असं सकाळी वाटलं. दुपारी तेच आठवून, खोलीचं कुलूप लागलंय का ते दोनदा बघून आले.

खोलीत कागद लावला, 'हूड बंद, दुरुस्ती'. ओल्या फडक्याने सगळं स्वतः पुसून घेतलं, कपाटातला गाळण्यांचा मोठा मास्क लावून. एकच आहे तो. गरम होतो म्हणून चार वर्षं कपाटात. आम्ही दोघी साध्या निळ्या मास्कवर काम केलं, हूड आहे ना म्हणून.

शो.ला टेस्टिंगच्या टेबलावर बसवलं. तिने विचारलं, "माजं काय चुकलं काय ताई?"
"नाही गं. फिल्टर यायचाय."
"मग तुमी आत कसं पुसत हुता?"
काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

शो. कारखान्याच्या गाडीत माझ्याशेजारी बसते नेहमी, आज पुढे ड्रायव्हरच्या मागे बसली. ड्रायव्हरला सांगत होती, मला ऐकू येईल असं, "आमाला आता कामावरनं काडणार बगा. आदी टेबलावर बसवत्यात, मग घरात."

सकाळपासून ती सात वेळा खोकली. मी मोजले. दिवाळीत फटाक्यांच्या धुराने पण लोक खोकतात. हवा बदललीय. मी पण दोनदा खोकले, ते मुद्दाम होतं की खरं ते मलाच समजेना.

सांगायचं ठरवून उठले होते. टेबलापाशी जाऊन म्हटलं, रोलरच्या रेझिस्टन्सची रीडिंग्ज नीट लिहीत जा. आणि परत आले.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून छातीच्या डॉक्टरांकडे गेले. स्वतःच्या. हे लिहून ठेवते, कारण उद्या मी हे वेगळ्या शब्दांत आठवेन.

रांगेत बसल्यावर लक्षात आलं की हूडसमोर रोज पाच तास शो. उभी होती, मी टेबलावर. आणि एक्स-रे माझा चाललाय. उठून जावं असं वाटलं. नंबर आला तेव्हा पटकन आत गेले.

डॉक्टर भले आहेत. एक्स-रे दिव्यावर लावला. "साफ आहे." मी विचारलं, म्हणजे काही नाही? म्हणाले, "आज काही दिसत नाही. महिन्याभराच्या धुळीचं आज दिसायचं पण नाही. कधी दिसेल, दिसेल का, मला सांगता येणार नाही. कुठली धूळ, किती दिवस, किती तास, लिहून ठेवा. पुढे ज्याला कुणाला तपासायचं असेल त्याला तेवढाच आधार."

मी म्हटलं, दुसऱ्या एका बाईंचं पण आहे. "घेऊन या की." हो म्हटलं.

घरी सुधीरला सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढला, परत घातला. म्हणाला, "शोभाला सांगून होणार काय? औषध आहे का त्यावर? ती फक्त घाबरेल." मला हे ऐकून हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

५ नोव्हेंबर, बुधवार. गडहिंग्लज

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले, उसाचे ट्रॅक्टर मोजत. आईने विचारलं, वाळलीस का? भाऊ म्हणाला, एसी ऑफिसात बसून माणूस वाळतंय व्हय? उद्या पट्टी काढतील. परवा कामावर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पोचले तर शो. दारातच उभी. चेहरा फुललेला, आठवड्यानंतर पहिल्यांदा. हातात काचपट्टी. "बगा. एक गाठ न्हाय."

मला कळलंच नाही आधी. मग कळलं.

पेस्ट संपत आली होती. अभयसाहेबांनी काल विचारलं, कबनूरचे रोलर थांबलेत, काय करायचं? शो. म्हणाली, हूड चालू हाय, मी लावून बगितलाय, काटा झ्याक हाय, मुदतीचं काय घिऊन बसलाय. ताई यायच्या आत करतो. खोलीची दुसरी किल्ली ऑफिसात असते. काल दिवसभर तिने काजळ तोललं. डबल बॅच. मला दाखवायला, की तिला काढायची गरज नाही.

मी ओरडले. आयुष्यात कुणावर एवढी ओरडले नसेन. कागद लावलाय तो दिसत नाही का, कुणाला विचारून हात लावलास. सगळे बघायला आले. ती काचपट्टी हातात धरून तशीच उभी. मग पट्टी टेबलावर ठेवली, हळू, फुटू नये अशी.

"तुमी सांगितलं आसतं तर कशाला हात लावलो आसतो," एवढंच म्हणाली.

कारणच सांगितलं नव्हतं मी. फिल्टर यायचाय, एवढंच सांगितलं होतं. जुना फाटलाय आणि मी फाडलाय, हे सांगितलं असतं तर तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नसतं. खंडेनवमीची चूक अडाणीपणाने झाली. कालचा दिवस माझ्या गप्प बसण्याने झाला. मला हे दोन्ही आता एकत्र ढकलून ठेवता येणार नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

फिल्टर आला, बसवायला माणूस आला. मोठा मास्क त्याला दिला, बाकीच्यांना दाराबाहेर उभं केलं. त्याने जुना फिल्टर ओली प्लास्टिकची पिशवी घालून काढला आणि काचेच्या आडून उजेडाला धरला. दोन घड्यांच्या मधून बोटभर उजेड सरळ आला.

बाहेर येऊन म्हणाला, "हा कुणी धुतला?"

अभयसाहेब, मी, शोभा. मी दाराच्या काचेवरचा डाग पुसायला लागले.

शो. म्हणाली, "आमीच धुतला, खंडेनवमीला. मीच पाइप धरलतो."

तो माणूस तिच्यावर घसरला. "बाई, हे काय स्वयंपाकघराचं जाळीचं झाकण आहे? माहीत नाही तर विचारावं." शो. खाली मान घालून ऐकत राहिली. काल मी तिच्यावर ओरडले होते आणि आज ती मला पाठीशी घालत होती. आणि मी घातलं जाऊ दिलं.

अभयसाहेब म्हणाले, ठीक आहे, पुढच्या वेळी लक्षात ठेवा. त्यांना वाटलं प्रश्न फिल्टरचा आहे.

तो माणूस गेल्यावर शो. मला म्हणाली, "जाऊ द्या ताई, मला बोलला तर काय हुतंय. तुमाला बोलला आसता तर साहेबांफुडं वाईट दिसलं आसतं." आणि खोकली.

९ नोव्हेंबर, रविवार

काहीच केलं नाही. स्वयंपाकघराच्या सगळ्या बरण्या काढून धुतल्या. सुधीर म्हणाला, पुरे. मी म्हटलं, हात लागल्यावर सगळं स्वच्छ होतं असं वाटतं मला, लहानपणापासून. तो म्हणाला, उद्या सांगून टाक. मी म्हटलं, मागच्या सोमवारी सांगू नको म्हणालास की. "मागच्या सोमवारी मी तुझ्याकडे बघून बोललो," म्हणाला.

भीती कसली आहे ते नीट लिहायचा प्रयत्न करते. नोकरीची आहे. पोलिस वगैरे होतं का याची आहे. माझ्या छातीची आहे. पण सगळ्यात जास्त तिच्या चेहऱ्याची आहे. सांगितल्यावर तो कसा होईल, ते मला बघायचं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यामागे पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर. पहिल्यापासून सांगितलं. फिल्टर कागदाचा असतो इथपासून. ती डब्याच्या झाकणाची रबरी कड काढत, बसवत ऐकत होती.

"म्हंजे माज्या बाचं झालं तसं हुतंय?"
"माहीत नाही. कुणालाच नक्की माहीत नाही. कदाचित काहीच होणार नाही."
"तुमाला काय वाटतंय?"
"मला भीती वाटते."

तिने मान हलवली. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. दोन्ही चाललं असतं.

"धुतलं त्येचं काय न्हाय," म्हणाली. "मी बी पाइप धरलतो की. कळून किती दीस झालं?"

खोटं बोलायचं सुचलं. सुचलं हे खरं. म्हटलं, बारा.

ती बोटांवर मोजायला लागली. मागे मागे जात. गुरुवारवर थांबली.

"म्हंजे मी डबल ब्याच केलो तवा तुमाला म्हाईत हुतं."
"हो."
"आनि परवा त्यो मानूस मला बोलत हुता तवा बी."
"हो."

डब्याचं झाकण लावलं. उठली. म्हणाली, "बरं, मॅडम."

चार वर्षांत पहिल्यांदा मॅडम. दुपारनंतर ती टेबलावर बसून रीडिंग्ज लिहीत होती, एकही चुकीचं नाही. गाडीत पुढे बसली. चेहरा काहीच झाला नव्हता तिचा, नुसता बंद झाला होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अभयसाहेबांना सांगितलं. आधी हसले, मग दार लावून घेतलं. पाणी प्यायले. मिक्सिंग बंद. सगळ्यांच्या तपासण्या करून देतो म्हणाले, नळी बाहेर काढतो म्हणाले, प्रत्येकाला मोठा मास्क. चांगला मुलगा आहे, खरंच. मग म्हणाले, "फक्त मॅडम, लेखी काही नको. मेल नको, रजिस्टरमध्ये नको. तोंडी सगळं करू." बोलताना टेबलावरचे पेन सरळ लावत होते. घाबरलेली माणसं सगळी सारखीच दिसतात.

शो. आली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आली नाही. फोन उचलत नाही. तिच्या जागी कुणीतरी काचपट्ट्या कशाही टाकल्यात. मी लावल्या नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कबनूरला गेले. सुधीर म्हणाला येतो, म्हटलं नको.

गल्लीभर मागांची खडखड, बोलायचं तर ओरडून बोलायला लागतं. शो. दारात धुणं पिळत होती. "या," म्हणाली. पाणी दिलं. तिची आई आत गेली ती बाहेर आली नाही.

मी म्हटलं, डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, "काल गेलतो. इथल्याच. एक्सरे साफ हाय म्हनला. कसली पावडर, किती दीस, इचारला. मी काय सांगनार? काजळ म्हनलो. त्यो हसला." पिळा झटकला. "तुमी लिवून द्या. कसली, किती, कवा कळलं. तारखेसकट."

म्हटलं, साहेब म्हणतात लेखी नको.

"साहेब म्हनत्यात. तुमी काय म्हनता?"

तेवढ्यात तिचे वडील कॉटवरून बोलले. मला वाटलं होतं त्यांना झोप लागलीय. एकेक शब्दामागे दम घेत. "सोळाव्या वर्षी मागावर हुबा ऱ्हायलो, बाई. छातीत काय गेलं, किती गेलं, कुनी लिवून ठेवलं न्हाय. आता डाक्टर इचारतोय, बिड्या किती वडता. एक बिडी वडली न्हाय मी."

शो. आत गेली, त्यांना वारा घालायला. बाहेर आली नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण पावणं? मी चपला शोधायला लागले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ

कारखान्याला रजा कळवली. पहाटेपासून चार कागद फाडले. पहिला: 'फिल्टर अकार्यक्षम असल्याचे निदर्शनास आले.' असं लिहिलं की कुणी काही केलंच नाही असं वाटतं, फिल्टर आपला आपण फाटला. दुसऱ्यात तारखा घातल्या, पण खंडेनवमीच्या आणि एकोणतीसच्या मधलं सगळं गुळगुळीत झालं. तिसऱ्यात माफी मागितली, तर तो कागद नुसता माझ्याबद्दलच झाला. चौथा बरा होता. त्यात तिच्या नाकातून काळं येत होतं ते नव्हतं. मला ते लिहवत नव्हतं.

लिहिलेलं आहेच की. इथे. तारखेसकट, वारासकट, त्या त्या दिवशीच्या मूर्ख अक्षरात.

सुधीरला विचारलं, ही वहीच दिली तर? तो म्हणाला, "त्यात घरचं पण असेल." आहे. तो सांगू नको म्हणाला ते आहे. अभयसाहेब लेखी नको म्हणाले ते आहे, म्हणजे नोकरी गेलीच धर. मी तिच्याआधी स्वतःचा एक्स-रे काढला ते आहे, आणि ते तिला अजून माहीत नाही. त्या पानावर ती पोचेल तेव्हा मी तिथे नसले तर बरं, असं वाटलं. मग वाटलं, असायला पाहिजे.

झेरॉक्स काढून वही ठेवून घ्यावी का? मनात आलं. झेरॉक्समध्ये एखादं पान कमी असलं तर कुणाला कळत नाही, आणि मी स्वतःला ओळखते. वहीच देणार.

ती ही घेऊन काय करेल? डॉक्टरला दाखवेल, नाहीतर वकिलाला. कदाचित घेणारच नाही. तिच्या छातीत काय चाललंय ते तिला कळत नाही, मला कळत नाही, दिव्यावर लावलेल्या फिल्मला कळत नाही. दहा वर्षांनी कळेल किंवा कधीच नाही. तोवर आम्ही दोघी कुठेही असलो तरी खोकला आला की थांबणार आणि मोजणार.

सुधीर गाडी बाहेर काढतोय, हॉर्न वाजवला. मला जिना उतरायची भीती वाटतेय. शाई वाळली की निघते.